पाच वाजेपर्यंत

मुखेडची सकाळची गाडी लातूरच्या स्टँडात शिरली तेव्हा साडेदहा वाजले होते, आणि शेषेरावला पाच वाजेपर्यंतचा दिवस काढायचा होता. दिवस काढायचा म्हटल्यावर कुणाला वाटेल, की बाबा कोर्टाच्या तारखेला आला असेल, नाहीतर दवाखान्यात. तसं काही नव्हतं. रविवार होता, संक्रांत होऊन आठवडा झालेला, अंगावर घेत बसावं असं जानेवारीचं ऊन पडलेलं, आणि पंचवीस वर्षं संसार केलेली बायको मोरपंखी साडी नेसून खिडकीतून लातूर बघत होती. दुसरा एखादा शीळ घालत उतरला असता. शेषेराव उतरला तो खिशातला मोबाइल चाचपत.

त्यांची मुलगी विशाखा बारावीला होती, लातूरच्या क्लासला. दहावीत तिला ब्याण्णव टक्के पडले तेव्हा मुखेडच्या एस.टी. आगारात, जिथं शेषेराव मेकॅनिक होता, तिथल्या झाडूवाल्यापासून व्यवस्थापकापर्यंत सगळ्यांनी त्याला एकच सल्ला दिला होता, पोरगी लातूरला टाका. हुशार पोर निघालं की लातूरला टाकायचं, हे मराठवाड्यात पेरणीनंतर कोळपणी करावी इतकं ठरून गेलेलं. आज तिची दिवसभर परीक्षा होती, दहा ते एक आणि दोन ते पाच. म्हणजे मायलेकींची भेट पाचला. आणि पाचला भेट कुठं व्हावी, यावरच शेषेरावचा जीव टांगणीला लागला होता.

नीलाबाई मुलीला लातूरला पाठवायला तयार झाली होती ती अटीवर. खोली जमिनीलगत पाहिजे, वर पत्रा पाहिजे, आणि रात्री दाराला आतून बाहेरून काही लावायचं नाही. अशी खोली या शहरात मिळणं म्हणजे उन्हाळ्यात हिरवा चारा मिळण्यासारखं. पण मिळाली. गोलाईच्या मागं बेगमबी नावाच्या बाईचं जुनं घर होतं, अंगणात लिंबाचं झाड, झाडाखाली पत्र्याची खोली. बेगमबीनं विशाखाला अकरावीचं वर्षभर स्वतःच्या लेकीसारखं सांभाळलं. नीलाबाई एकदाच आली होती, सुरुवातीला, आणि बेगमबीच्या अंगणात खाटेवर बसून चहा पिऊन निर्धास्त होऊन गेली होती.

अटीमागचं कारण मुखेडात सगळ्यांना ठाऊक होतं. ही दोघं मूळची औसा तालुक्यातली, भूकंपाच्या पट्ट्यातली. त्यांच्या बौद्धवाड्यात घरं होती ती पत्र्याची नाहीतर गवताची. शेषेरावला एस.टी.त नोकरी लागली आणि त्यानं ठरवलं, आपण गावातल्या बड्या लोकांसारखं दगडी घर बांधायचं, दोन हात रुंद भिंती, वर लाकूड आणि मातीचं माळवद. नीलाबाई म्हणाली होती, पत्राच बरा, हलका. शेषेरावनं ऐकलं नाही. पाडलेल्या वाड्याचे दगड आणले, तुळया आणल्या, ब्याण्णवच्या उन्हाळ्यात घर उभं केलं आणि बौद्धवाड्यातल्या लोकांना जेवू घातलं. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात, गणपती बुडवून गाव झोपलं, त्या पहाटे जमीन हलली. शेषेराव रात्रपाळीला निलंग्याच्या डेपोत होता. बौद्धवाड्यातले पत्रे खडखडले, काही उडाले, माणसं धुळीतून चालत बाहेर आली. एकच घर सपाट झालं, दगडी. नीलाबाईला चौकटीखालून ओढून काढली. प्रेम, त्यांचा चार वर्षांचा मुलगा, दुपारी सापडला.

त्यावर त्या दोघांत कधी बोलणं झालं नाही. तुमच्या दगडांनी माझं लेकरू खाल्लं, असं ती एकदा म्हणाली असती तर शेषेरावला बरं वाटलं असतं. ती म्हणाली नाही. त्यानं बदली मागून घेतली, मुखेडला दोन पत्र्याच्या खोल्या घेतल्या, वर्षानं विशाखा झाली. नीलाबाई अठरा वर्षं दार नुसतं लोटून झोपत आली. जमीन हलली तर आवाज व्हावा म्हणून भूकंपानंतर सगळेच लोक उलट्या घागरीवर तांब्या ठेवायचे. लोकांनी दोन वर्षांत सोडून दिलं, तिचा तांब्या अजून होता. तिच्या गप्प राहण्याची शेषेरावला इतकी भीती वाटायची, की घरात तिच्या मनाविरुद्ध त्यानं पुन्हा काही केलं नाही.

केलं ते गेल्या जूनमध्ये. बेगमबीच्या मुलाचं, अबुजरचं लग्न झालं आणि पत्र्याची खोली त्या नव्या जोडप्याला लागली. बेगमबीनं हात धरून माफी मागितली, तीन दिवस शेषेरावबरोबर खोल्या शोधत हिंडली. जमिनीलगत एक नाही. शेवटी क्लासच्या शेजारच्या चार मजली वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. रात्री साडेनऊला खालच्या लोखंडी सरकत्या दाराला बाहेरून कुलूप. प्रवेशाच्या फॉर्मवर तशी ओळच होती, आणि शेषेरावनं तिच्याखाली सही केली. मुखेडला येऊन सांगितलं, पोरगी बेगमबीकडंच आहे, मजेत आहे. बापलेकीचं ठरलं, आईला कळू द्यायचं नाही. मे महिन्यात डॉक्टरकीची सीईटी, तोवर रेटायचं. सात महिने तो एक आड एक रविवारी एकटा डबा घेऊन यायचा आणि नीलाबाईला दरवेळी काहीतरी आडवं घालायचा. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आठ दिवसांपूर्वी ती म्हणाली, मी येणार, पोरीची खोली बघणार. आणि पिशवी भरायला बसली.

तर शेषेरावनं डाव रचला होता तो असा. दिवसभर नीलाबाईला शहरात हिंडवायचं, खाऊपिऊ घालायचं, दमवायचं. पाचला विशाखानं क्लासमधून सरळ स्टँडवर यायचं, तिथंच भेट, तिथंच डबा, आणि सहाच्या गाडीत बसायचं. पंचवीस वर्षांत त्यानं बायकोला असं हिंडवलं नव्हतं. हिंडवायची वेळ आली ती लबाडीसाठी, हे त्याला पहिल्या चहालाच टोचलं.

आणि नेमकी नीलाबाई खूश. गंजगोलाईत आल्यावर ती थांबली आणि मान फिरवून तो सगळा गोल बाजार बघत राहिली. मधल्या देवळाभोवती एकेक रस्ता फुटत गेलेला, रस्त्यागणिक वेगळं दुकान, कुठं भांडी, कुठं कापड, कुठं मसाले. तिनं विचारलं, किती रस्ते. शेषेराव म्हणाला, सोळा. तिचा विश्वास बसेना, म्हणून दोघं मोजत पूर्ण चक्कर मारून आले. तिचे भरले पंधरा, मग पुन्हा चक्कर. विशाखासाठी केसांच्या पिना घेतल्या, एक मोठा कंगवा घेतला, गाडीवरचे हरभऱ्याचे ढाळे घेतले आणि चालता चालता सोलून एक घाटा त्याच्या हातावर, एक तिच्या तोंडात असं चाललं. कासाराच्या दुकानात तिनं बांगड्या भरून घेतल्या. भरताना हात दुखला तशी हसली. तिला असं हसताना त्यानं शेवटचं कधी बघितलं होतं ते त्याला आठवेना, आणि त्याला इतकं आवडलं की मिनिटभर तो सगळं विसरला. मग आठवलं.

"लग्नाला आणल्यावानी फिरवून राहिले तुमी आज," ती म्हणाली.

त्यानं घड्याळ बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं.

जेवायला ते बागेत बसले. हिरवळीवर सतरंजी टाकून आणखी दोन-तीन घरं बसली होती, सगळी परगावची, सगळ्यांची पोरं जवळपास कुठंतरी पेपर सोडवत असलेली. त्या शहरात रविवारी आईबापांचा एक वेगळाच बाजार भरतो, डबे घेऊन ऊन खात बसलेल्यांचा. नीलाबाईनं धपाटी काढली, ठेचा काढला, दही काढलं. मग पिशवीच्या तळातून शेंगदाण्याच्या लाडवांचा दुसरा डबा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, हा बेगमबीचा. जेवण झालं की आधी तिच्याकडं जाऊ, पोरगी येईस्तोवर अंगणात बसू.

शेषेरावनं हातातला धपाट्याचा घास खाली ठेवला. पाणी पिऊन त्यानं सांगितलं, की बेगमबी उदगीरला गेली आहे, नात्यात लग्न आहे, घरात नुसते मुलगा-सून, नवं जोडपं, आपण मधेच कशाला जाऊन बसायचं. लाडू विशाखाजवळ देऊ. बोलताना त्याला स्वतःचाच आवाज जरा जास्त मोठा वाटला. नीलाबाईनं त्याच्याकडं बघितलं, डबा परत पिशवीत ठेवला, आणि बरं म्हणाली.

सव्वाला मोबाइल वाजला. तो उठून झाडामागं गेला. विशाखा विचारत होती, आई कुठाय, काही कळलं का. पहिला पेपर चांगला गेला होता. ती म्हणाली, "बाबा, आईला स्टँडवरच थांबवा. ती हितं आली तर मला घेऊनच जाईल. चार महिने राहिलेत फक्त." आवाज रडवेला होता. शेषेराव म्हणाला, तू पेपराकडं बघ, मी आहे.

परत आला तर नीलाबाई ऊन अंगावर घेत सतरंजीवर आडवी झाली होती, डोक्याखाली पिशवी. डोळे मिटूनच तिनं विचारलं, कुणाचा फोन. आगारातून, तो म्हणाला. थोड्या वेळानं झोपल्यासारखी वाटली. उघड्या आभाळाखाली तिला कुठंही झोप लागते, हे त्याला माहीत होतं. तो तिच्या पायाशी बसून राहिला. दोन वाजले, अडीच वाजले. पाचपर्यंत असंच झोपू दे, असं तो मनातल्या मनात म्हणत होता आणि त्याच वेळी स्वतःला शिव्या घालत होता. माणूस बायकोला फसवतो तेव्हा तिच्या झोपेचीसुद्धा त्याला मदत घ्यावी लागते.

तीनला ती उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, तहान लागली. ते रस्त्यावर आले. पलीकडं उसाच्या रसाचा गाडा होता. तिला अलीकडच्या झाडाखाली उभी करून शेषेराव रस्ता ओलांडून गेला. गाड्यावर गर्दी होती. दोन ग्लास हातात घेऊन तो वळला आणि जागीच थिजला.

झाडाखाली नीलाबाईजवळ बेगमबी उभी होती.

काळा बुरखा, डोक्यावरून मागं टाकलेला, हातात भाजीची पिशवी, आणि दुसऱ्या हातानं नीलाबाईचा दंड धरलेला. मधून रिक्षा जात होत्या, ट्रॅक्टर जात होता, आणि शेषेरावला एक शब्द ऐकू येत नव्हता. बेगमबी बोलत होती. नीलाबाई ऐकत होती. बेगमबीनं छातीवर हात ठेवून काहीतरी सांगितलं, मग हात वर केला, एक, दोन, तीन असे मजले दाखवावेत तसा. निदान शेषेरावला तसंच दिसलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिनं आभाळ दाखवलं असेल, उन्हाबद्दल बोलली असेल, झाडावरचं काही दाखवलं असेल. रस त्याच्या बोटांवरून खाली गळत होता. नीलाबाईनं पिशवीतून लाडवांचा डबा काढला आणि बेगमबीच्या हातात दिला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग बेगमबी निघाली, आणि जाता जाता तिनं रस्त्यापलीकडच्या शेषेरावकडं असं बघितलं, की मान खाली घालूनच त्यानं रस्ता ओलांडला.

नीलाबाईनं ग्लास घेतला, पूर्ण रस प्यायला, पदरानं तोंड पुसलं.

"बेगमबी आल्या म्हणं उदगीरहून," ती म्हणाली.

एवढंच. पुढं ती ढाळे सोलत चालू लागली. शेषेराव बाजूनं चालत होता आणि वाट बघत होता. शिव्या दे, रड, चारचौघांत तमाशा कर, काहीतरी कर. तिनं रस्त्याकडेच्या दुकानात लोकरीचा स्वेटर हातात घेऊन बघितला, भाव विचारला, ठेवून दिला. क्लासच्या मोठमोठ्या पाट्यांवरचे पोरापोरींचे फोटो बघितले, खालचे आकडे बघितले. एका पाटीखाली थांबून म्हणाली, ही पोरगी आपल्या देगलूरची दिसते. मधूनच एक घाटा त्याच्या हातावर ठेवला, आधीसारखाच. तो त्यानं खिशात टाकला. विचारावं तर काय विचारावं, तुला कळलं का असं विचारलं की कळलंच. अठरा वर्षं जिच्या गप्प राहण्याला तो भ्यायला होता ती ही नीलाबाई होती, आणि ती आता त्याच्या शेजारून ऊन खात चालली होती.

साडेचारला ती थांबली.

"चला. पोरीची खोली बघू," ती म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावरली."

शेषेराव पुढं झाला आणि वाट दाखवू लागला. सांगण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

वसतिगृहाची देखरेख नागुबाई नावाची बाई करायची, साठी उलटलेली, चष्मेवाली, शाळेतून निवृत्त झालेली. रविवारी चार ते सहा पालकांना वर जाता यायचं. दाराशी व्यंकटी वॉचमन वहीत नावं लिहून घेत होता. सरकतं लोखंडी दार अर्धं उघडं होतं. नीलाबाईनं त्याच्या पट्ट्यांना हात लावून बघितला, मग वर बघितलं. चार मजले, सगळा सिमेंटचा गिलावा, गॅलऱ्यांना जाळ्या. अशा इमारतीच्या पायरीवर तिनं अठरा वर्षांत पाय ठेवला नव्हता. मुखेडच्या सरकारी दवाखान्यात गेली तर व्हरांड्यात उभी राहून औषध घ्यायची. शेषेराव म्हणाला, तू खालीच थांब, मी तिला बोलावतो. तिनं ऐकलं नाही. एक हात भिंतीला लावून ती चढायला लागली.

पहिल्या मजल्यापर्यंत तिचा श्वास नीट होता. दुसऱ्याला लागेपर्यंत नव्या बांगड्या भिंतीवर वाजायला लागल्या होत्या. तो मागून येत होता आणि त्याला वाटत होतं, की आपण हिला पुन्हा त्या घरात घालून राहिलो आहोत, आपल्याच हातानं. तिसऱ्या मजल्यावरची खोली उघडी होती. चार खाटा, चार टेबलं, भिंतीवर वेळापत्रक, खिडकीला गज. विशाखाच्या खाटेवर तिची गोधडी होती, नीलाबाईनं शिवलेली. नीलाबाईनं गजाला धरून एकदा हलवून बघितलं. छताकडं बघितलं. तेवढ्यात पाच वाजले आणि जिन्यावर पोरींच्या पायांचा आवाज आला. स्टँडवर जायच्या आधी पुस्तकं ठेवायला आलेली विशाखा दारात आली, आईला बघितलं आणि पुस्तकं छातीशी धरून तिथंच रडायला लागली. आई, मला नेऊ नको, एवढंच परत परत म्हणत होती. नीलाबाईनं तिचं तोंड पदरानं पुसलं, पिना दिल्या, कंगवा दिला, डबा दिला. खा म्हणाली. आणि जिन्याकडं वळली.

शेषेराव तिच्यामागं धावला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती भिंतीला टेकून उभी होती, डोळे मिटून. तिथं दुसरं कुणी नव्हतं. त्याला एकाएकी सगळंच नकोसं झालं, डॉक्टर, सीईटी, पाट्यांवरचे फोटो, सगळं.

"घेऊन जाऊ तिला," तो म्हणाला. "आत्ता सामान बांधतो. चुकलं माझं. तवा बी चुकलं अन् आता बी."

नीलाबाईनं डोळे उघडले.

"मी जागी होते त्या पहाटं," ती म्हणाली. "तुमाला वाटतं मला झोपेतून काढलं. पयला हादरा आला तशी उठले मी. लेकरू माज्या हातावर होतं. तसंच ठिवलं अन् दाराकडं पळाले. म्हणलं, आदी कडी काढावं, मंग त्याला उचलावं. कडी निघंना. चौकट दबली होती. मी कडीशीच झोंबून राहिले अन् मागं माळवद आलं." ती थांबली. "आदी लेकरू उचलायचं होतं. दार मंग."

खालून पोरींचा आवाज येत होता. शेषेराव तिच्याकडं बघत राहिला. अठरा वर्षं त्याला वाटत आलं होतं, की हिच्या पोटात त्याचे दगड आहेत. तिथं दगड नव्हतेच. तिथं एक कडी होती आणि तिचे स्वतःचे हात होते, आणि त्या हातांना ती रोज रात्री एकटीच जाब विचारत आली होती, त्याच्या शेजारी झोपून. त्यानं एकदा विचारलं असतं तर. पण स्वतःच्या अपराधाला तो इतका जपत बसला, की दुसऱ्याचा असू शकतो हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही.

"कडी घालून झोप म्हणून मी सांगून गेलतो," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "नवं घर म्हणून. मी, नीला. तू न्हाई."

ती त्याच्याकडं बघत होती.

"हाव," ती म्हणाली.

मग तिनं त्याचा हात धरला, भिंतीऐवजी, आणि दोघं खाली उतरले.

खाली नागुबाईच्या टेबलासमोर तिनं विचारलं, की रात्री ही किल्ली कुठं असते. नागुबाई म्हणाली, व्यंकटीकडं, बाहेरच्या केबिनमध्ये, आणि व्यंकटीला झोप लागते का, तर माणूस आहे, लागत असेल. कुलूप काही आमच्या हौसेचं नाही, पालकांनीच मागून घेतलंय, हे बघा तुमच्या मालकांची सही. नीलाबाईनं सही बघितली. मग म्हणाली, कुलूप राहू द्या. पण आतून लावायचं. आणि आत किल्लीजवळ एक जागं माणूस पाहिजे.

नागुबाईनं चष्मा काढला. सहा वर्षांत शेकडो आईबाप येऊन गेले, पोरीला मोबाइल देता का, टीव्ही आहे का, सगळं विचारलं, पण किल्ली कुठं असते हे एकानं विचारलं नाही, असं ती जरा वरमून म्हणाली. रात्री आत राहायचं माणूस कुठून आणायचं, हाच प्रश्न होता. नीलाबाई म्हणाली, मी राहते. परीक्षा होईस्तोवर. खाली स्वयंपाकघराशेजारी पडेन, भाकऱ्या बडवेन, मला दुसरं काही नको. नागुबाईनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, आठ दिवस बघू. आणि टेबलाचा खण उघडून दुसरी किल्ली काढली.

सहाची गाडी सुटायला पंधरा मिनिटं होती. शेषेरावला उद्या सकाळची पाळी होती. दारापर्यंत ती त्याला सोडायला आली. उद्या दोन साड्या आणि गोधडी मुखेडच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर पाठवा म्हणाली, मिरची कुठल्या डब्यात आहे ते सांगितलं. येत्या रविवारी या, पुन्हा गोलाईत जाऊ, पण मनात काही ठेवून हिंडवू नका, एवढं बजावलं. ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेलं होतं. तिच्या मागं तो खोल, सिमेंटचा व्हरांडा होता आणि त्यावर चार मजले.

"नीला," शेषेराव म्हणाला, "ह्या छताखाली तुला झोप न्हाई यायची."

"झोपायला थोडीच राहून राहिले मी," ती म्हणाली, आणि किल्ली कमरेला खोचून आत गेली.